नखं बघणारी नणंद

साऱ्या नवी मुंबईत माणसाच्या तोंडाकडे न बघता माणूस ओळखणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद आहे. बाकीच्या बायकांच्या नणंदा भावजयीच्या स्वयंपाकाकडे, माहेराकडे, फार तर साडीच्या काठांकडे बारीक नजरेने बघतात. माझ्या नणंदबाई मला पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा त्यांनी पर्समधून एक छोटं काळं यंत्र काढलं, माझा डावा हात स्वतःकडे ओढला, करंगळीशेजारच्या बोटावर बाटलीतून काहीतरी गार गार चिकट टाकलं आणि यंत्र नखाच्या मुळाशी टेकवून त्यात डोळा घातला. हॉलमध्ये दोन्हीकडची मिळून चौदा माणसं होती. माझे वडील चहाचा कप ओठांपर्यंत नेऊन तिथेच थांबले. अर्ध्या मिनिटाने ताईंनी डोळा बाहेर काढला आणि आपल्या भावाला सर्वांसमक्ष सांगितलं, "छान आहे रे. केशवाहिन्या एका रांगेत आहेत." आमचं लग्न ठरलं ते या एका वाक्यावर. ताईंनी इतकी मनमोकळी स्तुती आयुष्यात दुसऱ्या कुणाची केलेली नव्हती, असं नवरा मला अजूनही अधूनमधून ऐकवतो, विशेषतः माझा चेहरा कुणी वाखाणला नाही की.

ताई त्वचारोगाच्या डॉक्टर. माझे सासरे साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या मार्केटात पाठीवर कांद्याच्या गोणी वाहत त्यांनी दोन मुलं शिकवली. मुलगी डॉक्टर झाली तेव्हा त्यांनी सगळ्या गाळ्यांवर पेढे वाटले, पण ती कसली डॉक्टर होणार हे कळल्यावर ते दोन दिवस गप्प होते. "एवढं शिकून खाजवणाऱ्यांची डॉक्टर?" असं त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. ताई म्हणाल्या, "आबा, काळीज, मूत्रपिंड, सगळं आत दडलेलं असतं. कातडीच तेवढी प्रामाणिक. जे असेल ते बाहेर आणून दाखवते." सासऱ्यांना हे पटलं नाही. मात्र पुढे मार्केटातल्या निम्म्या हमालांचा गजकर्ण ताईंनी घालवला, तेव्हा ते ताठ मानेने हिंडू लागले.

ते काळं यंत्र म्हणजे डर्मोस्कोप. मुठीत मावणारं, दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि त्याच्या पोटातच दिवा. साध्या भिंगात कातडीची चमक डोळ्यावर येते. यात ती चमक मरते आणि कातडीच्या पापुद्र्याखालचं दिसायला लागतं. इतर डॉक्टर ते दवाखान्यात वापरतात आणि संध्याकाळी कपाटात ठेवतात. ताई ते चष्म्यासारखं बाळगतात. भाजीवाल्याकडचा फ्लॉवर त्या यातून बघतात, आणि एकदा त्यातली अळी त्यांनी शेजारच्या चार गिऱ्हाइकांनाही दाखवली, तेव्हापासून तो भाजीवाला त्यांना लांबून येताना बघूनच "आज फ्लॉवर नाही, मॅडम" असं ओरडतो. माझ्या पैठणीच्या जरीवर त्यांनी ते टेकवलं आणि "प्लॅस्टिक" एवढंच म्हणाल्या. ती पैठणी माझ्या माहेरची होती. मी चार दिवस बोलले नाही. ताईंच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्या चार दिवसांत त्यांना माझ्या मुलाच्या कोपरावर एक वेगळाच तीळ सापडला होता.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत ही गोष्ट अगदी अक्षरशः खरी. सोसायटीचे सेक्रेटरी सहा वर्षं त्यांना जिन्यात नमस्कार करत आले, आणि ताई सहा वर्षं "आपण?" असं विचारत आल्या. शेवटी वार्षिक सभेत त्या गृहस्थांनी माइक धरला, तेव्हा ताईंची नजर माइकवरच्या हातावर गेली आणि तिसऱ्या रांगेतून त्या आनंदाने ओरडल्या, "अरे, अंगठ्याची बुरशी! कशी आहे आता?" सभेत पाण्याच्या टाकीचा विषय होता. तो बाजूला पडला आणि पुढची दहा मिनिटं लोक आपापले अंगठे बघत होते.

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे त्यांच्या धंद्याचा माझ्या धंद्याशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. पण एकदा नववीच्या वर्गात असताना त्यांचा फोन आला. तातडीचं असेल म्हणून मी व्हरांड्यात जाऊन उचलला. "अगं, तुझी उद्गारचिन्हं आलीत इथे! ये लवकर!" शाळा सुटल्यावर गेले. दिघ्याचा एक कामगार बसला होता. त्याच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली होती, आणि न्हाव्याच्या सल्ल्याने लसूण चोळचोळून त्याने ती जागा लाल करून घेतली होती. ताईंनी मला भिंगातून बघायला लावलं. चकतीच्या कडेला तुटके केस उभे होते, वर जाड आणि मुळाशी बारीक, अगदी फळ्यावर काढावं तसं उद्गारचिन्ह. "हे केस सांगतायत की आजार अजून चालू आहे," ताई म्हणाल्या. "याच्या अंगातले पहारेकरी याच्याच केसांवर उठलेत." त्या माणसाला काही कळलं नाही. तेव्हा ताईंनी त्याला समजेल असं सांगितलं. "सोसायटीच्या वॉचमनला चोर ओळखता येईना आणि तो राहणाऱ्यांनाच बडवायला लागला, तर काय होईल? तसं झालंय. लसूण लावून वॉचमन शहाणा होत नाही." तो माणूस हसला आणि म्हणाला, "आमच्या कंपनीत तसाच आहे एक."

शरीर स्वतःवरच उठतं अशा आजारांवर ताईंचा विशेष जीव. त्यांच्याबद्दल त्या बोलतात तेही चुलतभावांच्या भांडणाबद्दल बोलावं तसं. पावणे गावची एक आई आपल्या मुलीला ओढणीत गुंडाळून घेऊन आली होती. मुलीच्या गालावर पांढरा डाग. आई खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागली. ताईंनी मुलीला नाही, आईला भिंगापाशी बसवलं. "काय दिसतंय?" "पांढरं." "नीट बघा. बारीक केस दिसतात? त्यांच्या मुळाशी?" बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काळे ठिपके हायेत की." "तो रंग आहे. मुळाशी अजून शिल्लक आहे. तिथून परत पसरायची आशा असते. आता डोळे पुसा आणि हिची ओढणी काढा, ऊन लागू दे थोडं." डाग पुढे बराचसा भरला. पण मला आठवतं ते वेगळंच. येताना आईने मुलीला पाठीमागे लपवलं होतं, आणि जाताना मुलगी आईच्या पुढे चालत होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती काकींची गोष्ट. ताईंचा दवाखाना तळवलीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. इमारत काकींची. काकी मूळच्या तिथल्याच. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, ती गेली आणि तिच्या जागी तीन इमारती उभ्या राहिल्या. पण काकींचा आवाज अजून या बांधावरून त्या बांधावर हाक मारण्याचाच राहिला. साठीच्या, अंगाने भरलेल्या, नाकात मोठी नथ. रोज सकाळी दहाला त्या जिना चढून दवाखान्यात भांडायला येत. कारण ठरलेलं नसे. "तुजे पेशंट चपला कुटं बी टाकतान! जिन्यान पाय ठेवाला जागा नाय!" असं एक दिवस. दुसऱ्या दिवशी पाटी वाकडी. तिसऱ्या दिवशी पाटी सरळ केली म्हणून. ताई ऐकून घेत, आणि काकींचा श्वास संपला की म्हणत, "झालं? आता हात दाखवा." काकी हात पदराखाली घेत. "मना काय झालाय तुला हात दाखवाला? तू खरजेची डाक्तर!" आणि दणदण जिना उतरून जात. हे सात वर्षं चाललं होतं.

मग काकी यायच्या बंद झाल्या. दवाखान्यातली मुलगी खूश, पेशंट खूश, चपला कुठेही पडायला लागल्या. ताई मात्र अस्वस्थ. आमच्याकडे रविवारी जेवायला आल्या तरी तोच विषय. "दोन महिने झाले, काकी भांडायला का येत नाहीत?" मी म्हटलं, "ताई, मुलाचं लग्न आहे त्यांच्याकडे, गडबडीत असतील." "लग्नाच्या गडबडीत माणूस जास्त भांडतो," ताई म्हणाल्या आणि वरण न घेताच ताटावरून उठल्या.

मुहूर्तामुळे हळद लग्नाच्या चार दिवस आधीच होती, आणि त्या सकाळी बांगड्या भरायच्या कार्यक्रमाला आम्हा दोघींना आमंत्रण होतं. तळवलीतली हळद म्हणजे काय हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. रस्ताभर मांडव, दोन्ही बाजूंना भिंतीएवढे स्पीकर, आणि मधोमध सिनेमाच्या पडद्याएवढा स्क्रीन. त्यावर संध्याकाळी नवरदेवाचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायचे होते. स्क्रीनवाला सकाळपासून वायरी जोडत होता. काकी गादीवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या, आणि समोर कासारीण हिरव्या बांगड्यांच्या माळा सोडत होती. काकींच्या पापण्यांवर जांभळट छटा होती. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. "बगितलास? काकीनी डोल्यांना रंग लावलाय! सुनेपेक्षा सासू नटली!" काकीही हसत होत्या. बोटांच्या पेरांवर लालसर खडबडीत गाठी होत्या. त्याचं खापर काकी खेकड्यांवर फोडत होत्या, "चिंबोऱ्या साफ केल्या ना, त्याचा हाय."

कासारणीने काकींचा हात धरून पंजा दाबला, आणि बांगडी सरकवायच्या आत माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. सात वर्षं पदराखाली गेलेला हात दुसरं कुणीतरी घट्ट धरून बसलं आहे, ही संधी ताई सोडणार नव्हत्या. त्यांनी सॅनिटायझरचा थेंब टाकला आणि भिंग टेकवलं. "आगो, सोर! बांगऱ्या भरू दे ना गो!" काकी ओरडल्या. कासारणीला वाटलं ही काही रीत असेल, तिने हात आणखी घट्ट धरला. ताईंनी एक नख पाहिलं, दुसरं पाहिलं, मग दुसऱ्या हाताची चारही. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखते. भिंगातून काही सापडलं की त्यांच्या तोंडून "वा" निघतो, मग तो आजार कसलाही असो. या वेळी निघाला नाही.

"काकी, डोक्यावरचा पदर नीट करा बघू," ताई म्हणाल्या.

"बरा हाय तो."

"करा ना. सरकलाय."

काकींनी हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला खालून आधार दिला, तरी डोक्यापर्यंत पोहोचला नाही. मग त्या हसून म्हणाल्या, "र्‍हाऊ दे." पण मागे उभी असलेली थोरली सून एकदम म्हणाली, "दीड महिना मीच विंचरते त्यांचे केस. कुणाला सांगू नको म्हणाल्या." काकींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती दोन पावलं मागे सरली. ताईंनी विचारलं, "गिळताना ठसका लागतो का?" सुनेने मानेने हो म्हटलं. भाकरी केव्हाच बंद झाली होती, काकी मऊ भातावर होत्या.

एवढ्यात थोरला मुलगा आला. गळ्यात जाड साखळी, दोन्ही हातांत दोन फोन. "काय डॉक्टर, टेन्शन नका घेऊ. मेडिकलवाल्याने ट्यूब दिलीय. अॅलर्जी आहे ती, सगळ्यांनाच होते."

"ही अॅलर्जी नसावी," ताई म्हणाल्या. "यांना आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात न्यायला पाहिजे."

मांडवातला आवाज थांबला. आणि मग काकींचा सुरू झाला. दोन महिने साठलेलं सगळं भांडण एका दमात बाहेर आलं. "माजे पोराचे लग्नान मना हास्पिटलान टाकतेस? आज हलद, चार दिवसांनी लगीन! बगतेस काय? खाली कर माजी जागा! उद्याचे उद्या खाली कर!"

"करते," ताई शांतपणे म्हणाल्या. "आजच करते. पण आधी तुम्ही गाडीत बसा."

मुलगा म्हणाला, "पण डॉक्टर, नुसतं नख बघून?" हा प्रश्न ताईंना फार आवडतो. त्यांनी भिंगावर आपला फोन चढवला आणि मुलाचाच हात धरला. फोनवर चित्र दिसायला लागलं, पण ते बघायला पन्नास डोकी वाकली आणि कुणालाच दिसेना. दोन आत्यांचे चष्मे घरी राहिले होते. तेव्हा स्क्रीनवाला वायर हातात धरूनच म्हणाला, "मॅडम, मोठ्यावर लावू का? मिनिटाचं काम आहे." आणि ताईंनी, ज्यांना लग्नकार्यातलं औचित्य कशाशी खातात हे आजतागायत कळलेलं नाही, त्याला फोन देऊन टाकला.

सिनेमाएवढ्या पडद्यावर थोरल्या मुलाचं नख उमटलं. नखाच्या मुळाशी केसांच्या आकड्यांसारख्या बारीक लाल नळ्या, एकीशेजारी एक, कंगव्याच्या दातांसारख्या. "झालर हाय, गनपतीचे मखराची," मागून कुणी म्हणालं. "हे निरोगी," ताई म्हणाल्या. "आता आई." त्या काकींपाशी बसल्या. काकींनी हात मागे घेतला नाही, कारण त्याही पडद्याकडेच बघत होत्या.

पडदा बदलला. तिथे झालर नव्हती. काही नळ्या फुगून जळवांसारख्या झाल्या होत्या, काही झुडपासारख्या फाटल्या होत्या, मध्ये मोठमोठे रिकामे पट्टे, आणि ठिकठिकाणी काळपट लाल थेंब. पुढच्या रांगेतली एक बारकी पोर म्हणाली, "आजी, यो नाला हाय?" मुलाच्या हातातला फोन वाजत होता, तो त्याने उचलला नाही.

"यो माजा नख हाय?" काकींनी विचारलं.

"हो, काकी."

"आनि ते कालं?"

"रक्त. बारीक नळी फुटून सांडलेलं."

"मंग दुकत कसा नाय?"

"इथे नाही दुखत," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी काकींच्या दंडावर हात ठेवला. "इथे दुखतं. हो ना? आणि मांड्यांत."

मग काकी हळू आवाजात बोलल्या. तो आवाज त्यांच्या सुनांनीही कधी ऐकला नसावा. "जिना चरवत नाय. संडासान बसला तं उठवत नाय. मना वाटला म्हातारपन आला. आनि लग्नाचे घरान सांगू कोनाला गो? सगली म्हनतील, काम नको म्हनून निजते." त्यांनी पडद्याकडे परत एकदा पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "गारी कार." सून रडायला लागली, तशी तिच्यावर खेकसल्या, "तू हलदीचा बग! वरन-भात कमी परला तं मी तितून येन!"

ताई त्या गाडीतून गेल्या. मी मांडवात राहिले, त्यामुळे पुढचा एक प्रकार मला बघावा लागला. स्क्रीनवाल्याच्या यंत्रात काकींचं नख कुठेतरी साठून राहिलं होतं. संध्याकाळी पाहुणे जमले, डीजे सुरू झाला, पडद्यावर नवरदेव पाळण्यात, नवरदेव शाळेत, नवरदेव क्रिकेटची बॅट घेऊन, आणि पाठोपाठ ते नख. पनवेलकडच्या एका पाहुण्याने मला विचारलं, "ही कुठली जागा म्हणायची? नवीन प्लॉट घेतलाय का?"

हॉस्पिटलात ताईंनी तीन दिवस काढले. त्या तिथल्या डॉक्टर नव्हत्या, त्यांना कुणी बोलावलेलंही नव्हतं. पण बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला त्या "स्नायूंचा रिपोर्ट आला का?" असं विचारत. आजाराचं नाव डर्माटोमायोसायटिस. आमच्या शाळेत ते शुद्धलेखनाला घातलं तर पालक मोर्चा काढतील. शरीराचे पहारेकरी कातडीवरही उठतात आणि स्नायूंवरही. ताईंनी आल्या-आल्याच तिथल्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं होतं, "भिंगाने फक्त शंका येते. खात्री तुम्ही करायची." रक्त, स्नायूंची तपासणी, सगळ्यांनी तेच सांगितलं. त्या मोठ्या डॉक्टरांनी ताईंना विचारलं, "पण तुम्हाला संशय कशावरून आला? पापण्या पाहून?" ताई म्हणाल्या, "नाही. त्या भांडायला यायच्या थांबल्या." त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं की नाही, माहीत नाही.

खरी भीती वेगळीच होती आणि ती ताईंनी फक्त मला सांगितली. या आजाराच्या मागे कधीकधी पोटात किंवा छातीत दुसरंच काही, एखादी कर्करोगाची गाठसुद्धा, लपलेलं असतं. ते शोधायला सगळे स्कॅन करायचे होते. त्या दिवशी ताई बाकड्यावर बसून स्वतःच्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या. भिंग बाहेर काढलं नाही. मी डबा नेला होता, तो तसाच परत आणला. दुपारी चारला रिपोर्ट आला. आत काही नव्हतं. ताईंनी तो दोनदा वाचला, मग मला म्हणाल्या, "भूक लागली गं. डबा कुठाय?"

लग्नाला काकी दोन तासांच्या सुट्टीवर आल्या, चाकाच्या खुर्चीत, नथ घालून. गिळणं अजून अवघड होतं, त्यामुळे त्या जेवल्या नाहीत. पण खुर्चीतूनच त्यांनी आचारी, भटजी आणि बँडवाला, तिघांनाही पळवलं. मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकायला हात वर जाईना, तेव्हा ताईंनी मागून त्यांचं कोपर धरून उचललं. अक्षता नवरदेवावर कमी आणि भटजींवर जास्त पडल्या.

बरं व्हायला वर्ष लागलं. गोळ्यांनी काकींचं तोंड सुजलं, साखर वाढली, व्यायामवाल्या बाईशी त्यांचं तीनदा भांडण झालं. आधी खुर्चीवरून उठता आलं, मग वेणी घालता आली, मग भाकरी खाता आली. आणि एका सकाळी दहा वाजता दवाखान्याच्या जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. आत पेशंट असतानाच ताई उठून दारात गेल्या. काकी कठड्याला धरून वर आल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "यो पाटीवं धूल किती गो!" ताईंनी आत येऊन खुर्चीत बसून चष्मा पुसला. पेशंटला वाटलं आपल्या रिपोर्टमध्ये काही वाईट आहे.

त्या दिवशी काकींनी विचारलं होतं, "कायमचा बरा झाला ना?" ताईंना खोटं बोलता येत नाही. "नाही, काकी. शांत झालंय. पुन्हा उठलं तर नखात दिसेल कदाचित, म्हणून तीन महिन्यांनी येत जा." काकी दर पंधरा दिवसांनी यायला लागल्या. "तीन म्हैन्यांचा काय धरून बसलेस?" असं म्हणायच्या.

ताईंचं लग्न झालं नाही. का, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. सासू-सासरे गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. आम्ही रविवारी बोलावतो, दिवाळीला बोलावतो, आणि आपण पुष्कळ करतो असं मला मनापासून वाटत असे.

मागच्या महिन्यात मी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेले, त्यांना लोणच्याची बरणी द्यायची होती. बाहेर सात-आठ पेशंट ताटकळत बसले होते. आत कोण आहे विचारलं, तर दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "काकी. अर्धा तास झाला." मला वाटलं, आजार परत उठला की काय. मी दार हळूच लोटलं.

भिंग टेबलावर पडलेलं होतं. त्याचा दिवा बंद होता. काकी कुठल्याशा पावसाळ्याची गोष्ट सांगत होत्या. खाडीचं पाणी भातात शिरलं होतं आणि त्या नव्या नवरी असताना सासूने त्यांना पाठीवर घेऊन बांध ओलांडला होता. ताई ऐकत होत्या. त्यांचं तोंड काकींच्या तोंडाकडे होतं आणि डोळ्याला चष्मासुद्धा नव्हता. काकींचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला होता, की काकींनी त्यांचा धरला होता, ते मला दारातून नीट दिसलं नाही.

मी दार लोटून घेतलं आणि बरणी मांडीवर ठेवून बाकड्यावर बसले. शेजारच्या बाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं, "अजून किती वेळ लागेल हो?"

"तपासणी चालू आहे," मी म्हटलं. "लागेल थोडा वेळ."